कृष्णन: सतरापासून एकोणतीसपर्यंत

नागपुरात टेनिस शिकवायला लागल्यापासून एक वाक्य मी सतत ऐकत आलो आहे: "ज्युनियरला चमकला हो, पण पुढे काही झालं नाही." बोलणाऱ्याच्या मनात 'पुढे' म्हणजे विम्बल्डनचं सीनियर विजेतेपद, त्याखालचं काही नाही. हाच निकष लावला, तर विम्बल्डनची ज्युनियर स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय रामनाथन कृष्णन हेही अपयशी ठरतात. मला हा निकषच मान्य नाही. त्यासाठी त्यांची कारकीर्द नीट पाहायला हवी.

कृष्णन यांचा जन्म ११ एप्रिल १९३७ रोजी नागरकोइलला झाला. त्यांचे वडील टी. के. रामनाथन यांचं नाव टेनिसमध्ये आमच्या नागपूरशी जोडलेलं. मुलाला घडवलं ते त्यांनीच. मद्रासची बर्ट्राम स्पर्धा महाविद्यालयीन खेळाडूंसाठी असे. लोयोला कॉलेजच्या प्राचार्यांनी शाळकरी कृष्णनना तीत उतरू दिलं आणि त्यांनी ती जिंकून दाखवली. पुढे १९५१-५२च्या राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांना हरवलं. नाटेकर त्यांच्याहून जवळपास चार वर्षांनी मोठे. या पराभवानंतर नाटेकर बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत दोघांचीही नावं होती. ज्युनियर अंतिम सामना हरलेल्या मुलाचं काय होतं, याचं उत्तर इथंच मिळायला हरकत नाही.

विम्बल्डनच्या मुलांच्या अंतिम सामन्यात कृष्णन १९५३ मध्ये इंग्लंडच्या बिली नाइटकडून हरले. पुढच्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ॲशली कूपरला ६-२, ७-५ असं हरवून ती स्पर्धा जिंकली. आशियातल्या कुणालाही तोवर हे जमलं नव्हतं. आता पुढचं बघा. हरलेला कूपर १९५८ मध्ये विम्बल्डनचा विजेता झाला. १९५६ मध्ये मुलांचा अंतिम सामना हरलेला रॉड लेव्हर तर पुढे चार वेळा तिथला विजेता ठरला. सतराव्या वर्षीचा निकाल कुणाचंच भविष्य ठरवत नाही, जिंकणाऱ्याचं नाही आणि हरणाऱ्याचंही नाही.

कृष्णन यांची सर्व्हिस जोरकस नव्हती. त्यांच्या खेळाची ताकद हाताच्या अंदाजात होती. गवताच्या कोर्टवर चेंडू टप्पा पडल्यावर फारसा उठत नाही, घसरत पुढे येतो. बहुतेक खेळाडू अशा वेळी मागे सरकतात. कृष्णन आत सरकत. गुडघे वाकवून, रॅकेट जवळजवळ गवताला टेकवून, टप्पा पडता पडताच ते चेंडू उचलत. या हाफ-व्हॉलीत रॅकेट जोरात फिरवायची नसते. मनगट घट्ट ठेवून फक्त तोंड वळवायचं, वेग समोरच्याचाच वापरायचा. लाकडी रॅकेटचा मधला भाग लहान, त्यामुळे अंदाज बोटभर चुकला तरी चेंडू नेटमध्ये. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने बसतं आणि वय वाढलं म्हणून लगेच जात नाही.

१९५९ मध्ये बोस्टनजवळ झालेल्या डेव्हिस कप लढतीत कृष्णननी त्याच वर्षीचा विम्बल्डन उपविजेता लेव्हरला हरवलं. जॅक क्रेमर यांनी त्यांना आपल्या व्यावसायिक ताफ्यात येण्याचा देकार दिला होता. त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्याला विम्बल्डनही बंद आणि डेव्हिस कपही. विम्बल्डनचं दार व्यावसायिकांना उघडलं ते १९६८ मध्ये. कृष्णननी क्रेमरना नकार दिला. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय वाटतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. १९६० मध्ये ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, नील फ्रेझरकडून हरले. १९६१ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत रॉय इमर्सनला ६-१, ६-४, ६-४ असं सरळ सेटमध्ये हरवलं, मग लेव्हरकडून हरले. दोन्ही वर्षी त्यांना हरवणाराच विजेता झाला. १९६२ मध्ये त्यांना चौथं मानांकन होतं, पण घोट्याच्या दुखापतीने स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली.

तरीही मुलांना मी सर्वांत आधी सांगतो ते डिसेंबर १९६६चं, कृष्णन एकोणतीस वर्षांचे असतानाचं. कोलकात्याच्या साउथ क्लबवर ब्राझीलशी डेव्हिस कपची लढत, २-२ बरोबरी आणि शेवटचा सामना कृष्णन विरुद्ध डावखुरा थॉमस कॉक. पहिला सेट कॉकचा, दुसरा कृष्णन यांचा, तिसरा कॉककडे १२-१०. चौथ्या सेटमध्ये कॉक ५-२ने पुढे, म्हणजे भारत हरायला एकच गेम बाकी. तिथून कृष्णननी सलग पाच गेम घेऊन तो सेट ७-५ने जिंकला आणि पाचवा ६-२ने. भारत पहिल्यांदाच डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत गेला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ने हरवलं, पण तो एक गुण जयदीप मुखर्जींना घेऊन न्यूकोंब-रोश या जोडीला हरवत कृष्णननीच मिळवून दिला. मुखर्जी १९६०चे आणि प्रेमजित लाल १९५८चे विम्बल्डन ज्युनियर उपविजेते. त्या पिढीचा भारतीय संघ अशा मुलांमधूनच उभा राहिला होता.

१९७९ मध्ये कृष्णन यांचा मुलगा रमेश तीच ज्युनियर स्पर्धा जिंकला आणि १९८७ मध्ये भारताला डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत नेणाऱ्या संघातही होता. आजोबांनी मुलाला शिकवलं, तोच हळुवार हात नातवाच्या खेळात दिसला.

म्हणून ट्रॉफी घेऊन येणाऱ्या पालकांना माझी विनंती असते: हिच्या जोरावर मुलाचं पुढचं गणित मांडू नका आणि पुढे मोठं विजेतेपद मिळालं नाही, तर त्याने काही बुडवलं असंही मानू नका. आज त्याच्या हातात जो फटका आहे, तो एकोणतिसाव्या वर्षी, २-५ने मागे असताना उपयोगी पडेल का, एवढंच प्रशिक्षकाला विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर स्पर्धा कमी करा आणि तो फटका शिकायला वेळ द्या.