काम सोपवता येतं, जबाबदारी नाही

तुमचा एखादा दावा कोर्टात चालू असेल, तर वकिलाच्या ऑफिसात त्यातलं कोणतं काम कुणाच्या हातात आहे, हे तुम्हाला माहीत असतं का? कैफियत कोण लिहितंय, समन्सचा भत्ता कुणी भरायचा, निकालाची नक्कल कुणी आणायची? बहुतेक पक्षकारांना फक्त पुढची तारीख माहीत असते. नुकसान मात्र बरेचदा दोन तारखांच्या मधल्या दिवसांत होतं, जेव्हा एखादं काम करायचं राहून जातं.

आता वकिलांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर येतंय. कोणतं काम कुणाला दिलं, कधीपर्यंत करायचं, झालं की नाही, सगळं मोबाइलवर दिसतं. मी स्वतः वकिली करतो आणि असं सॉफ्टवेअर वापरतो. चांगलीच सोय आहे. पण त्यामागचा प्रश्न फार जुना आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१८७२ चा पुरावा कायदा घ्या. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने फोडू नये, असं त्याचं कलम १२६ सांगायचं. लगेच पुढचं कलम १२७. त्यात हेच बंधन दुभाषे आणि वकिलांचे कारकून, नोकर यांच्यावरही घातलेलं होतं. म्हणजे वकिलाचं काम एकटा वकील करत नाही, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण कलम १३२ मध्ये हे बंधन तसंच ठेवलं आहे.

या कारकुनांवर आपली कोर्टं किती चालतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. बोर्ड बघायचा, फायली काढून ठेवायच्या, स्टँप लावायचे, नकलेचा अर्ज द्यायचा, अशिलाला फोन करायचा. डायरीत लिहिली जायची ती तारीख. काम मात्र तोंडी सांगितलं जायचं, "ते जरा परवापर्यंत बघून घे." कारकून आजारी पडला किंवा ज्युनिअर दुसरीकडे गेला, की ते काम त्याच्याबरोबरच जायचं. काम राहिलं हे कळायचं तेव्हा मुदत टळून गेलेली असायची.

आणि मुदती काही मोठ्या नसतात. दिवाणी दाव्यात कैफियत ३० दिवसांत द्यायची, कोर्टाने वाढवून दिली तर ९० दिवसांत. जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. गैरहजेरीत दावा निकाली निघाला, तर तो पुन्हा घ्यावा म्हणून अर्ज करायला ३० दिवस. मुदत चुकली की विलंब माफीचा अर्ज करा आणि बसा कारणं देत.

मग वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाने भोगायची का? १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अलाहाबाद उच्च न्यायालयात वकील हजर राहिला नाही आणि अपील फेटाळलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षकाराने वकील नेमला, फी दिली, त्याचं काम संपलं. वकिलाच्या गैरहजेरीचा फटका त्याला बसू नये. पण १९९३ मध्ये सलील दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने हे तत्त्व सरसकट लागू होत नाही असं बजावलं. सगळं वकिलावर ढकलून पक्षकाराला प्रत्येक वेळी सुटता येणार नाही. म्हणजे आज आपण वाचू की नाही, हे त्या त्या प्रकरणावर अवलंबून आहे.

अमेरिकेतलं एक उदाहरण तर सॉफ्टवेअरच्या जाहिरातीशेजारी लावून ठेवावं असं आहे. तिथल्या वकील संघटनेच्या १९८३ च्या आदर्श आचारनियमांत वकील नसलेल्या सहाय्यकांच्या कामावर देखरेख ठेवणं ही वकिलाची जबाबदारी मानली गेली. पुढे लफित पिंके आणि ख्रिस मॅकॅरन या नामांकित जॉकींनी आपले आर्थिक व्यवहार सांभाळणाऱ्यांवर दावा लावला. प्रतिवादी हरले. अपिलाची नोटीस ३० दिवसांत द्यायची होती. मुदतींचं कॅलेंडर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने वकिलाला ६० दिवस सांगितले. ती मुदत सरकार पक्षकार असेल तेव्हाची! नोटीस २४ दिवस उशिरा गेली. ऑफिस साधंसुधं नव्हतं, मुदती मोजायची त्यांची स्वतःची व्यवस्था होती. खालच्या न्यायाधीशाने चूक माफ केली आणि २००४ मध्ये मोठ्या खंडपीठाने बहुमताने ते कायम ठेवलं. पण न्यायाधीशाने माफी नाकारली असती, तर तेही चुकीचं ठरवणं अवघड होतं, असंही खंडपीठाने सुनावलं. थोडक्यात, थोडक्यात बचावले.

यातून मी घेतलेला धडा असा: सॉफ्टवेअरमध्ये ३० च्या जागी ६० भरले, तर ते चुकीच्या दिवशी अगदी वेळेवर आठवण करून देईल.

२००८ मध्ये कॅनडात क्लिओ हे इंटरनेटवर चालणारं वकिली सॉफ्टवेअर निघालं आणि ही पद्धत पुढे सगळीकडे पसरली. आपल्याकडे मोठा बदल कोर्टाच्या बाजूने झाला. एनआयसीच्या पुणे केंद्राने न्यायालयांसाठी संगणक प्रणाली तयार केली, प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. पूर्वी वकिलाच्या डायरीत असलेली तारीख आज पक्षकार घरबसल्या पाहतो. ही मोठी गोष्ट आहे.

पण सीएनआर टाकल्यावर कोर्टाने काय केलं ते दिसतं. वकिलाच्या ऑफिसात काय राहिलं, ते दिसत नाही.

म्हणून माझ्या वकील मित्रांना सांगणं आहे. सॉफ्टवेअर घ्या, पण प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव घाला. "सगळ्यांनी बघा" म्हणजे कुणीच बघत नाही. मुदत ज्याने मोजली, त्याच्याशिवाय दुसऱ्याने ती तपासावी, आणि कोणत्या कलमाखाली मोजली तेही तिथेच लिहावं. ज्युनिअरने "झालं" अशी खूण केली, तर दाखल केल्याची पोच बघितल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. वकीलपत्रावर सही तुमची आहे, त्याची नाही.

आणि पक्षकारांनो, पुढच्या वेळी वकिलाकडे गेलात की "तारीख कधी?" एवढंच विचारून परत फिरू नका. तारखेआधी काय करायचं आहे, ते कोण करतंय आणि कधीपर्यंत होईल, हेही विचारा. चांगल्या वकिलाला या प्रश्नांचा राग येत नाही.

तुमच्याकडच्या कोर्टात काय अनुभव आहे? कुणाचं नाव न घेता खाली लिहा.