राज्यांच्या पुस्तकांत शिरताना

पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भरत नाट्य मंदिर शेजारी-शेजारी आहेत. एकीकडे दफ्तरांचे रुमाल, दुसरीकडे तिसरी घंटा. मराठीतली राज्यांविषयीची पुस्तकंही अशीच शेजारधर्मानं वाढली. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि त्यातून 'उषःकाल' घराघरांत गेली. वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींना अस्सल पत्रांसमोर उभं करून त्यांची झडतीच घेतली. मंडळ त्यानंतर, १९१० साली निघालं.

या विषयात नव्यानं येणाऱ्याला बहुधा कादंबरीच घेऊन येते. कुणाला 'स्वामी', कुणाला 'छावा', हल्लीच्या पोरांना जॉर्ज मार्टिनच्या ड्रॅगनवाल्या कादंबऱ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. मार्टिननंही पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या यादवीवरूनच पुष्कळ उचललं आहे. मात्र पुस्तक कोणतंही असो, सांगणारा घटनेपासून किती लांब आहे आणि त्याचा त्यात काय हितसंबंध आहे, एवढं आधी विचारावं.

संभाजीराजांचंच बघा. त्यांची बदनामी ज्या बखरीनं पक्की केली ती मल्हार रामराव चिटणीसांची, राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. आणि लेखक कोण, तर ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजीराजांनी देहदंड दिला त्यांचा वंशज. घरातलं दुखणं शाईत उतरायला शतक पुरलं नाही. नाटककारांनी तीच बखर उचलली. गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं, तरी त्यातला संभाजी लोकांच्या डोक्यात राहिलाच. मग वा. सी. बेंद्र्यांनी कित्येक वर्षं समकालीन कागद गोळा करून १९६० साली राजांचं चरित्र छापलं. कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' १९७१चं. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ साली आली. कागद बदलले तसा नायकही बदलला. तरी जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून मुठेत टाकला गेला, तो 'राजसंन्यास'च्या रागापायी. नाटकाला उत्तर देणारं चरित्र छापून तेव्हा सत्तावन्न वर्षं होत आली होती. ते कुणी उघडलं असतं तर हातोड्याची गरज पडली नसती, असं आपलं माझं मत.

कागदांचं भय मात्र बाळगू नये. मोडी चार-सहा महिन्यांत हाताखाली येते. खरी अडते ती तारीख. पेशवाईतल्या पत्रात 'सु॥ सलास सबैन मया व अल्लफ' असं दिसलं की नवखा गांगरतो. हे अरबी आकडे आहेत, एककापासून मोजलेले: तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११७३. हे साल मृगापासून धरतात, म्हणून याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६००. तेव्हा कार्तिकातलं पत्र असेल तर साल १७७२, आणि त्याच कार्तिकात थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले. 'स्वामी'तलं थेऊर ज्यानं डोळे पुसत वाचलंय त्यानं त्या सालचं एखादं पत्र एकदा तरी स्वतः लावून पाहावं. त्यात रडणं सापडेलच असं नाही. रोजमुरा, घोड्यांची चंदी, सावकाराचा तगादा मात्र हमखास सापडेल. राज्य चालतं ते त्यावरच, आणि कादंबरीकाराला नेमकं तेच पान कंटाळवाणं वाटतं.

आणखी एक तक्रार. आपली कादंबरी शिवकाल आणि पेशवाई यांत इतकी रमली की त्याआधीची राज्यं उपाशीच राहिली. देवगिरीचे यादव, बहमनी, अहमदनगरची निजामशाही यांच्याकडे कादंबरीकार क्वचितच वळले. साधनांचा अभाव हे कारण पटत नाही. ग. ह. खऱ्यांनी मंडळात बसून फार्सी साधनांचे खंडच्या खंड सिद्ध केले. एक हबशी गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, जमिनीची धारेबंदी बसवतो आणि १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना मात देतो. त्याच्या बाजूनं लढणाऱ्यांत शहाजीराजे असतात. मलिक अंबरचं हे प्रकरण ज्याला लिहावंसं वाटेल त्यानं खऱ्यांच्या खंडांपासून सुरुवात करावी.