भोवळ: पित्तापासून डोळ्यापर्यंत

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना भोवळ आली की पहिला आळ पित्तावर येतो. ‘उपाशीपोटी चहा घेतला असेल’ असं म्हणत कुणीतरी लिंबूपाणी पुढे करतं. या निदानामागे किमान बाराशे वर्षांची परंपरा आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवकराने ‘माधवनिदाना’त मूर्च्छेच्या शेजारीच भ्रम हा विकार मांडला आणि पित्त, वात व रजोगुण ही त्याची कारणं सांगितली. अंग चाकासारखं फिरतं आणि माणूस भुईवर पडतो, हे त्यातलं वर्णन आजच्या रुग्णालाही पटेल. कारणांच्या यादीत डोळ्याला मात्र जागा नाही. डोळा शोधायचा तर आपल्याला आणखी मागे, इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या ग्रीसमध्ये जावं लागतं. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने चक्कर या एकाच विषयावर छोटा ग्रंथ लिहिला आणि उंचावरून खाली पाहिल्याने घेरी का येते, याचा विचार केला.

पुढे एकोणिसाव्या शतकात कानाने बाजी मारली. फ्रेंच संशोधक फ्लूराँसने कबुतरांच्या अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या, तर त्यांचा तोल गेला. १८६१ मध्ये पॅरिसच्या मेनिएरने सांगितलं की चक्करेचं मूळ कानातही असू शकतं. रॉबर्ट बारानीला याच विषयासाठी १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा तो रशियाच्या युद्धकैद्यांत होता. या धामधुमीत एक माणूस मागे पडला. १८७० मध्ये व्हिएन्नाच्या मॉरिट्झ बेनेडिक्टने मोकळ्या चौकात पाऊल टाकताच गरगरू लागणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं आणि दोष डोळ्यांच्या स्नायूंना दिला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफालने तशाच तक्रारीला ‘अगोराफोबिया’ (मोकळ्या जागेची भीती) म्हटलं, म्हणजे रोग मनाचा ठरला. वेस्टफालचं नाव टिकलं, बेनेडिक्टचं विस्मरणात गेलं. या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत महागात पडलेलं वळण, असं मला वाटतं. बाजाराच्या गर्दीत झोक जाणारा माणूस त्यानंतर शतकभर भित्रा ठरत राहिला.

डोळ्याची बाजू पुन्हा पुढे आली ती एका रुग्णामुळे. हा रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. क्षयावर दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी केली आणि १९५२ मध्ये त्याने एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आपली हकिगत लिहिली. नाडीच्या ठोक्यागणिक पुस्तकातली अक्षरं उडत, म्हणून तो पलंगाच्या उशाकडच्या दोन लोखंडी गजांमध्ये डोकं रोवून वाचत असे. तोल कान, डोळे आणि पाय-सांधे या तिघांच्या साक्षीवर उभा असतो. कान फितूर झाला की मेंदू डोळ्यावर विसंबतो, आणि मग समोरचं जग हललं तरी माणसाला आपणच हललो असं वाटतं. हेच औषध आपल्याकडेही क्षयरोग्यांना कित्येक दशकं टोचलं गेलं.

इकडच्या गावांत डोळा आणि तोल यांची गाठ आणखी एका वाटेने पडली. ती वाट मोतीबिंदूची. १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाजारहत्नूर तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेलं; जाड भिंगाचा चष्मा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आला. नेत्रशिबिरात मोतीबिंदू काढला की अधिक दहाच्या आसपास नंबरचा चष्मा मिळे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी आणि जवळ दिसे. दाराची चौकट वाकलेली, उंबरठा असायचा त्याहून अलीकडे. पाऊल लवकर उचललं जाई आणि चुके. भिंगाच्या कडेला कड्यासारखा आंधळा पट्टा असे. त्यातून शेजारचा माणूस एकदम समोर उगवे. ‘दिसायला लागलं, पण चालवत नाही’ ही तक्रार म्हातारपणाच्या खात्यावर जमा होई. हॅरोल्ड रिडलीने १९४९ मध्येच लंडनला डोळ्याच्या आत भिंग बसवलं होतं; ते खेड्यापर्यंत सर्रास पोहोचायला १९९४ चा जागतिक बँकेच्या साहाय्याचा मोतीबिंदू प्रकल्प यावा लागला. त्यातल्या सात राज्यांत आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते.

त्यानंतर वर्षभरातच, १९९५ मध्ये, लंडनच्या अडॉल्फो ब्रॉनस्टाइनने दृष्टिजन्य चक्करेचं लक्षणचित्र मांडलं: हलणारी गर्दी, पळती झाडं, दुकानातल्या भरगच्च फळ्या पाहून येणारी भोवळ. बेनेडिक्टचा डोळा सव्वाशे वर्षांनी परतला. २०१७ मध्ये बारानीच्याच नावाच्या संस्थेने रेंगाळणाऱ्या चक्करेचे निकष ठरवले, त्यात असं दृश्य पाहून त्रास वाढणं हा एक निकष आहे. उपायही डोळ्यातूनच जातो: सरकते पट्टे, फिरणारी चित्रं थोडी थोडी पाहून मेंदूला सरावायचं. हा सराव घरच्या पडद्यावरही चालतो, पण लंडनमधल्या २०१३ च्या एका चाचणीत देखरेखीविना करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तो अर्ध्यावर सोडला. बाजारहत्नूरच्या रुग्णाला देखरेख हवी तर आदिलाबाद गाठावं लागतं, आणि तिथवरच्या बसच्या खिडकीतून सारा रस्ता झाडं पळत असतात.