मुक्काम आणि ओळख

यात्रेच्या, उत्सवाच्या किंवा सुटीच्या दिवसांत परगावी गेलेल्या मनुष्याला रात्री पाठ टेकण्यापुरती, खिशाला परवडणारी, जिवाला निर्धोक आणि वाहनाच्या ठाण्यापासून फार दूर नसलेली जागा मिळावी कशी, हा प्रश्न अलीकडच्या मोठ्या शहरांनीच उत्पन्न केला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ज्या ज्या गावावरून वाट जात होती त्या त्या गावाला हा प्रश्न पुरातन काळापासून परिचित होता; आणि निजामाच्या मुलखाच्या उत्तर सीमेवर, वऱ्हाडातून वाशीमवरून खाली नांदेड-परभणीकडे उतरणाऱ्या वाटेवर वसलेल्या हिंगोलीला तर त्याचे उत्तर एकदा फारच भयंकर रीतीने मिळाले.

हिंगोली हे मूळचे बाजारपेठेचे गाव खरे, परंतु त्याला एकोणिसाव्या शतकात जे महत्त्व आले ते मुख्यतः छावणीमुळे. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी जी कंटिन्जंट फौज होती, तिचे हे एक प्रमुख ठाणे. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा ही नावे शहरात आजही चालू आहेत, आणि फौज मोडून शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी रहिवाशांचे पत्ते अजून लष्करीच आहेत. फौज आली की तिच्या मागोमाग सावकार, कापडवाले, वंजारी, घोड्यांचे सौदागर, रजेवर घरी निघालेले शिपाई आणि पगाराचा पैसा घेऊन हिंडणारे कारकून येतात. जवळ रोकड असलेल्या आणि रात्रीचा निवारा शोधणाऱ्या लोकांचा असा अखंड ओघ ज्या गावातून वाहतो, त्या गावावर पहारा असतो. आणि पहाऱ्याजवळचा मुक्काम सुरक्षित, असे कोणीही सुज्ञ मनुष्य धरून चालतो. हिंगोलीच्या बाजारात उतरणारे वाटसरूही तसेच धरून चालले होते.

या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. छावणीतील गोरे अधिकारीही त्याच्याशी व्यवहार करीत. निजामाच्या नोकरीतील फिलिप मेडोज टेलर यांनी ठगांच्या जीवनावरील आपल्या १८३९ च्या प्रसिद्ध कादंबरीच्या प्रस्तावनेत, आपला स्वतःचाही या गृहस्थाशी व्यवहार झाला होता असे मोकळेपणाने नमूद केले आहे. या हरीसिंगाने एकदा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे, मुंबईहून कापड आणावयाचे आहे, सबब परवाना मिळावा, असा रीतसर अर्ज केला. परवाना मिळाला. जवळच्याच एका गावचा व्यापारी तसले कापड घेऊन मुंबईहून निघालेला आहे, ही बातमी त्याला अगोदरच होती; त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत ठार केले, सरकारी परवान्याच्या आधारे तो माल बिनबोभाट हिंगोलीस आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही हकिकत, एखादी मजेची गोष्ट सांगावी तशी सांगितली, म्हणून ती उघडकीस आली. नाहीतर दप्तरात तो एक सचोटीचा व्यवहार म्हणूनच राहिला असता.

इतक्यावरच हे थांबत नाही. छावणीच्या ऐन बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, हरीसिंगाच्या ठगटोळीने कित्येक माणसांचे गळे आवळले आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओहोळाच्या पात्रात, त्यांना पुरले. हा ओहोळ पुढे नदीला मिळणारा, रुंदीने खंदकाहून मोठा नव्हे, आणि शेजारच्या गावाला जाणाऱ्या रहदारीच्या रस्त्याला अगदी लागून. माफीचे साक्षीदार झालेले ठग एकामागून एक जागा शांतपणे दाखवीत गेले, खड्डे उकरले गेले, प्रत्येकात अनेक देह निघाले, आणि शेवटी बघणाऱ्यांनाच शिसारी येऊन उकरणे सोडून द्यावे लागले, असे टेलर लिहितात. ते तेथे स्वतः हजर होते.

ठगांच्या पद्धतीचा विचार करता या प्रकरणातला खरा बोध पहाऱ्याच्या गाफीलपणाचा नाही, असे मला वाटते. ठग दरोडा घालीत नसत. ते सोबत करीत. वाटेवर भेटलेल्या प्रवाशाशी गोड बोलून, चोराचिलटांचे भय दाखवून, आपण चौघे एकत्र असलेले बरे असे त्याला पटवून, त्याच्याबरोबर मुक्काम करून, अन्नपाणी घेऊन, मग योग्य घटका पाहून ते रुमाल काढीत. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर प्रवासी आपली सुरक्षितता सोपवतो, एक माणसाची ओळख आणि दुसरी सरकारचा कागद, त्या दोन्ही हरीसिंगाने आपल्या धंद्याची हत्यारे म्हणून वापरल्या होत्या. या दोहोंखेरीज तिसरे काही प्रवाशापाशी तेव्हा नव्हते आणि पुढेही फारसे आले नाही.

म्हणूनच की काय, आपल्याकडचा सामान्य मनुष्य शक्य तोवर बाजारात मुक्काम करीतच नसे. तो देवळात उतरे, मठात उतरे, नाहीतर जातभाईच्या ओसरीवर उतरे. हिंगोलीच्या नैर्ऋत्येस असलेल्या औंढा नागनाथाला महाशिवरात्रीस जमणारा समुदाय, कयाधूच्या काठी नरसीला नामदेवांच्या नावाने येणारे वारकरी, हे सर्व मंदिराच्या प्राकारात, झाडाखाली, बैलगाडीच्या सावलीत किंवा ओळखीच्या दारी रात्र काढीत आले. (देवळात पथारी पसरण्याची या प्रांतातली परंपरा जुनी आहे; नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला गेले तेव्हा विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवरच पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले, ही कथा सर्वश्रुतच आहे, आणि त्यातला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला तर देऊळ ही निजण्याची जागा होती याबद्दल कथेत कोणाला नवल वाटलेले नाही.) खुद्द हिंगोलीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून खाकीबाबा मठाच्या आश्रयाने जो दसरा भरू लागला, आणि पुढे रामलीला मैदानावरील रावणदहनाने व प्रदर्शनाने ज्याचा लौकिक दूरवर पसरला, त्या दसऱ्याच्या दहा दिवसांत आसपासच्या खेड्यांतून लोटणाऱ्या माणसांची सोय कोणत्याही सरकारी खात्याने लावली नव्हती. ती सोयऱ्याधायऱ्यांनी लावली. नवरात्रात हिंगोलीत घर असणे म्हणजे एक अघोषित धर्मशाळा चालविणे होय, आणि त्या धर्मशाळेचा भार घरातील स्त्रियांच्या डोक्यावर असे, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही.

रेल्वेने या व्यवस्थेचा मध्यबिंदू हलविला. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज सडक विसाव्या शतकाच्या आरंभी पुरी झाली आणि १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा आला. पुढे खांडव्याच्या बाजूने जोड मिळेपर्यंत कित्येक दशके हिंगोली हे त्या फाट्याचे अखेरचे स्टेशन होते, आणि अखेरच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसापुढे मुक्कामाचा प्रश्न अधिक निकडीचा होतो, कारण गाडी पुढे जातच नसते. परंतु त्याहून मोठा फरक असा पडला, की हिंगोलीचा मनुष्य आता स्वतः मोठ्या शहराचा पाहुणा झाला. हे शहर म्हणजे अर्थातच हैदराबाद. दिवाणीतील अपील, सरकारी नोकरीची खटपट, उस्मानिया विद्यापीठात घातलेला मुलगा, नव्या इस्पितळातील शस्त्रक्रिया, असले काहीतरी काम घेऊन तो पूर्णेला गाडी बदले आणि १९१६ साली बांधलेल्या काचीगुड्याच्या घुमटदार स्टेशनावर गाठोडे घेऊन उतरे. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर सुलतान बाजार. तेथे मराठी बोलणारी वस्ती, विवेकवर्धिनीची शाळा आणि १९२२ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय. त्या वस्तीत कोणी ना कोणी परभणीकडचा निघेच.

ज्याला तेही नव्हते त्याच्यासाठी नामपल्ली स्टेशनाजवळ निजामाने प्रवाशांकरिता बांधलेली सराय होती. स्टेशनासमोर सराय ही कल्पना जुन्या वेशीबाहेरच्या सरायीचीच नवी आवृत्ती म्हणावी लागेल. वेशीची जागा फलाटाने घेतली एवढेच. १९३८ मध्ये उस्मानियाच्या पदवीधरांच्या संस्थेने बाग-ए-आममध्ये सुरू केलेली आणि १९४६ साली नामपल्लीजवळच्या मैदानात गेलेली ‘नुमाइश’, म्हणजे प्रदर्शन, जेव्हा जानेवारीतला वार्षिक सोहळाच होऊन बसली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून केवळ मौजेखातर राजधानीस येणारा एक नवाच प्रवासी जन्माला आला. त्याला ना कोर्टाची तारीख होती, ना देवाचा नवस. सुटी घालवावी म्हणून परगावी जाणे आणि तेथे पैसे देऊन निजणे, या दोन्ही गोष्टी आपल्या लोकांच्या अंगवळणी पडावयास वेळ लागला. पैसे देऊन निजणे तर बऱ्याच वृद्धांना शेवटपर्यंत अप्रशस्तच वाटत राहिले.

इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या सराय कायद्याने सरायींची नोंद करणे, त्या स्वच्छ ठेवणे आणि मागितल्यास उतारूंची वर्दी मॅजिस्ट्रेटला देणे हे सरायवाल्याचे कर्तव्य ठरविले होते. उतारूचे नाव लिहून घेण्याची ही पद्धत आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, की नाव विचारणे म्हणजे काही जणांच्या बाबतीत दार लावणे होय, हे ध्यानात येत नाही. १९१७ साली परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना गावात कोठेही जागा मिळेना, तेव्हा एका पारशी विश्रामगृहात, दिवसाला दीड रुपया ठरवून आणि वहीत पारशी नाव लिहून, ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेला. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन्ही स्नेह्यांनी आडवळणाने नकार दिल्यावर, मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले. हरीसिंगाचे नाव खरे होते, परवाना खरा होता. आणि त्याच्या हातून माणसे मेली. बाबासाहेबांनी वहीत लिहिलेले नाव खोटे होते, आणि त्यांच्यापासून त्या घराला कोणताच धोका नव्हता. मुक्कामाच्या वहीत सत्य काय नोंदले जाते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

धर्मशाळाही या दोषातून मुक्त नव्हत्या. बहुतेक धर्मशाळा अमुक ज्ञातीच्या लोकांसाठी, तमुक पंथाच्या यात्रेकरूंसाठी बांधलेल्या असत, आणि दात्याच्या पुण्याला जातीची मर्यादा घालणारी पाटी दारावर असे किंवा दारवानाच्या मुखात असे. ही मर्यादा ज्या मनुष्याला सर्वांत अधिक खुपली तो वऱ्हाडातला एक परीट, हातात खराटा व डोक्यावर गाडगे घेऊन हिंडणारा. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, त्यांत चोखामेळ्याच्या नावाची पंढरपूरची धर्मशाळा ही वारीत उघड्यावर पडणाऱ्या अस्पृश्यांसाठी होती. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे रोगी आणि त्यांचे नातलग राहतात, आणि त्यांत मराठवाड्यातली माणसेही असतात.

१९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हिंगोलीच्या माणसाची राजधानी एका रात्रीत बदलली. काचीगुड्याची वाट मोडली. सुलतान बाजारातले ओळखीचे दार तेथेच राहिले. मुंबईत त्याला ओळखीचे असे एकच दार उरले होते, ते आपण निवडून दिलेल्या माणसाचे. मंत्रालयासमोरच्या आकाशवाणी आमदार निवासात, चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मतदारसंघातून आलेली आठ-दहा माणसे एका खोलीत सतरंजीवर निजलेली असणे, हा आपल्या लोकशाहीतला एक अलिखित वतनी हक्कच होऊन बसला आहे. कायद्याचे पंडित त्याला गैरवापर म्हणतील. मला तो खेड्यातल्या ओसरीचाच अवतार वाटतो: फुकट, बऱ्यापैकी निर्धोक, आणि ज्याची कोणाशी ओळख नाही त्याला पूर्ण बंद.

ज्यांची आमदाराशी ओळख नाही असे लोक मात्र वर्षातून एकदा लक्षावधींनी मुंबईस येतात, तेही मोसमाच्या ऐन गर्दीत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, चैत्यभूमीवर येणाऱ्या या समुदायासाठी रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि दादर स्टेशनापासून पायी जाता येईल अशा शिवाजी पार्कवर महानगरपालिका मंडप, पाणी, शौचकूप व दिव्यांची सोय करते. गाडीतून उतरलेला मनुष्य कोणाच्या वहीत नाव न लिहिता, भाडे न देता, आपल्यासारख्याच हजारोंच्या शेजारी तेथे पाठ टेकतो. २०१७ साली ऐन ५ डिसेंबरला ओखी वादळाचा पाऊस कोसळून मैदानात चिखल झाला, तेव्हा पालिकेने आपल्या शाळा उघडून या माणसांची रात्रीची व्यवस्था वर्गखोल्यांत केली.