केसपेपरावरची ओळ

अमरावतीचे इर्विन आणि डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग. वऱ्हाडात ही नावे घेतली की ‘दवाखाना’ हा शब्द जोडावा लागत नाही. मार खाल्लेली बाई पुष्कळदा पोलीस ठाण्याआधी अशाच दारी येते. केसपेपरावर मात्र ‘पडून मार लागला’ एवढीच ओळ उमटते.

त्या कागदाचे वजन विदर्भाने अनुभवले आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तपासणीत अंगावर जखम आढळली नव्हती. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून संमतीचा तर्क केला आणि दोघे पोलीस सुटले.

रुग्णालयानेच पुढे होऊन विचारावे, हा प्रयोग मुंबईत झाला. ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हाती घेतला. तेथे आधी डॉक्टर-परिचारिकांनाच शिकवावे लागले : जखम कशी झाली, हे एकांतात कसे विचारावे. समुपदेशन त्याच आवारात. त्यामुळे बाईला घरी ‘दवाखान्यात जाते’ म्हणून निघता येते. कुठल्याही घोषणेपेक्षा ही सोय मला मोलाची वाटते.

वऱ्हाडाच्या शेजारी, सेवाग्रामला, डॉ. इंद्रजित खांडेकरांनी लैंगिक अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला. 2010 साली तो प्रश्न जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. 2013 मध्ये राज्याने तपासणीची नवी नियमावली काढून ‘दोन बोटांची चाचणी’ वगळली. त्याच वर्षी कायद्याने खाजगी रुग्णालयांवरही बलात्कारपीडितेच्या मोफत उपचाराचे बंधन घातले. तरीही ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली बजावावे लागले.