सैतानाची परीक्षा

१७७४ साल संपत आलं होतं. दक्षिण जर्मनीतल्या एल्वांगन या लहानशा गावात माणसांची रीघ लागली. फेपरं येणारे, हातपाय आखडलेले, वर्षानुवर्षं डोकं धरून बसलेले, सगळे एका कॅथलिक धर्मगुरूच्या दारी येत होते. त्यांचं नाव योहान योझेफ गासनर.

गासनर स्वतःही डोकेदुखीनं हैराण झालेले. वैद्यांचं औषध लागू पडेना. मिस्सा म्हणायला उभं राहिलं की दुखणं वाढे. हे सैतानाचं काम असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. येशूच्या नावानं त्याला हुकूम दिला आणि बरं वाटलं. मग तोच उपाय ते इतरांवर करू लागले.

त्यांची पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे. आधी ते परीक्षा घेत. 'सैताना, असशील तर या माणसाची लक्षणं आत्ता दाखव' असा हुकूम करत. झटके आले, तर दुखणं सैतानाचं. काहीच झालं नाही, तर ते रोग्याला वैद्याकडे पाठवत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानंही पुरोहितांना बजावलं होतं, की एखाद्याला भूतबाधा झाली असं सहजासहजी मानू नका. साधा आजार असू शकतो.

१७७५ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर मेस्मर यांनी म्युनिकला नुसत्या स्पर्शानं तसेच झटके आणून दाखवले. सैतानाचं नावही घेतलं नाही. गासनर प्रामाणिक आहेत, पण नकळत चुंबकशक्ती वापरतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे गासनरना दूरच्या एका खेड्यात धाडण्यात आलं. १७७९ मध्ये ते तिथेच वारले. मेस्मरचीही पाळी आली. १७८४ मध्ये फ्रँकलिन, लाव्हाझिए अशा विद्वानांच्या समितीनं पॅरिसमध्ये डोळे बांधून प्रयोग केले. चुंबकशक्ती सापडली नाही. परिणाम घडत होता तो रोग्याच्या कल्पनेनं.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. पण १९७६ मध्ये, त्याच जर्मनीत, क्लिंगेनबर्ग गावात तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी वारली. डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलेलं होतं. तिला भूतबाधा झाली असं ठरलं. बिशपांच्या परवानगीनं सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा भूत उतरवण्याचा विधी झाला. तिनं अन्न सोडलं. शेवटच्या दिवसांत डॉक्टरला बोलावलंच नाही. उपासमारीनं ती गेली. १९७८ मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना न्यायालयानं निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं.

त्या आईवडिलांना मुलगी नकोशी नव्हती. मन लावून प्रार्थना करणारी माणसं होती ती. गासनरच्या दारातून वैद्याच्या घराकडे एक वाट तरी जात होती. क्लिंगेनबर्गच्या त्या घरात ती वाट बंद झाली होती. १९९९ मध्ये व्हॅटिकननं विधिग्रंथ नव्यानं काढला. वैद्यक आणि मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्या, असं त्यात सांगितलं आहे. श्रद्धेच्या घरात प्रार्थना होत राहील. तिथल्या रोग्याला डॉक्टरही भेटला पाहिजे.