पैज किती लावायची?

घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणाऱ्याला सगळे एकच विचारतात: कोणता घोडा? किती लावले, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न बराच काळ ठोकताळ्यांवरच चालला.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध ठोकताळा म्हणजे मार्टिंगेल. हरलात की पुढची पैज दुप्पट. १०० रुपयांपासून सुरू करा आणि लागोपाठ १० वेळा हरा. १,०२,३०० रुपये गेले. अकरावी पैज १,०२,४०० ची, आणि ती एकास एक भावाने जिंकली तरी एकूण नफा १०० रुपये! सलग दहा वेळा कोण हरतं? फेव्हरिट घोडाही ढोबळमानाने तीनातून एकदाच जिंकतो, म्हणजे बरेच जण. फ्रेंच गणितज्ञ दालांबेरच्या नावाने चालणारी पद्धत जरा सौम्य आहे: हरलात की एक एकक वाढवा, जिंकलात की एक कमी करा. बुडायला वेळ लागतो, इतकंच. दोन्ही पद्धती मागच्या निकालाकडे बघतात. पुढच्या शर्यतीतल्या घोड्याला त्याच्याशी काय देणंघेणं?

१९५६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या जॉन केलीने हा प्रश्नच बदलला. क्लॉड शॅनन त्याचा सहकारी. (इंजिनिअरिंगच्या अभ्यासात शॅनन हमखास भेटतो, केली नाही.) केलीने एक जुगारी कल्पिला. त्याच्याकडे खासगी तार आहे, निकाल त्याला आधी कळतो, पण तारेत खरखर आहे. मग ऐकलेल्यावर भांडवलाचा किती हिस्सा लावायचा? केलीचं उत्तर: तुमची माहिती बाजारभावापेक्षा जितकी सरस, त्या प्रमाणात. सरस नसेल तर शून्य.

समजा भाव एकास चार आहे. म्हणजे बाजार त्या घोड्याला २० टक्के संधी देतो. तुमच्या मते ती २५ टक्के आहे. केलीच्या सूत्राने भांडवलाचे ६.२५ टक्के लावायचे. पण खरी संधी २२ टक्केच असेल तर? बाजारापेक्षा तुम्ही अजूनही शहाणे आहात, तरी दरवेळी ६.२५ टक्के लावत राहिलात तर भांडवल हळूहळू झिजतं. त्याच्या निम्मे लावलेत तर वाढतं. मी हे दोनदा करून पाहिलं, कारण पटतच नव्हतं.

ही गोष्ट बिल बेंटरला पक्की ठाऊक होती. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणारा हा अमेरिकन १९८० च्या दशकात हाँगकाँगला गेला आणि त्याने शर्यतींचं कॉम्प्युटर मॉडेल बांधलं. १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत छापून टाकली. तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मॉडेलचा अंदाज तो तसाच वापरत नसे. त्यात लोकांनी ठरवलेला भावही मिसळत असे. मैदानावरच्या गर्दीला काहीतरी कळतं, हे त्याने आकड्यांत मान्य केलं होतं. एवढं करूनही तो केलीच्या पूर्ण आकड्याऐवजी त्याचा काही अंशच लावण्याच्या बाजूचा होता.

शिवाय हाँगकाँगला बुकी नाही, टोट आहे. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात आणि जॉकी क्लबचा वाटा काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. तिथे मोठी पैज लावली की तुमच्याच घोड्याचा भाव उतरतो. त्यामुळे किती लावायचे याच्या हिशेबात आपल्याच पैशाने भाव किती पडेल, हेही धरावं लागे.